ऐंशीवा कागद

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गेलो तोही गणिताला, जिथं शब्द जेवढे कमी तेवढं बरं. नागनाथअप्पांविषयी लिहायला भूमच्या स्टँडवर माझ्याहून हक्काची माणसं आहेत, वीस-वीस वर्षं त्यांच्याबरोबर चहा प्यालेली. मी त्यांना तीन वर्षं पाहिलं, तेही ईट या माझ्या गावाच्या गाडीची वाट बघता बघता. शिवाय यात माझ्या हातून एक गोष्ट घडलेली आहे. ती वाचल्यावर कुणी म्हणेल, दुसऱ्या कुणीही लिहावं, याने नको. तसं म्हटलं तर मला राग येणार नाही. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. पण आता गप्प बसायला अप्पांनीच जागा ठेवलेली नाही, म्हणून लिहितो.

अप्पा भूमच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसायचं, कुठली गाडी कधी आली, कधी गेली ते नोंदवहीत लिहायचं, आणि माइकवरून लोकांना सांगायचं, हे त्यांचं काम. मूळचे बेंबळीचे, पण नोकरी लागल्यापासून भूममध्येच. काळे, सडसडीत, चष्म्याच्या काड्यांना मागून दोरा बांधलेला आणि उजव्या कानावर खडूचा तुकडा. साखरेचा आजार असल्यानं चहा फिक्का.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी फलाटावर उभा होतो आणि भोंग्यातून आवाज आला, "ईटला जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. गाडी नंबर तीन हजार सदतीस. मूळ संख्या."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. शेजारी एक आजी पिशवी घेऊन उभी होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "त्ये रोजचंच हाय. त्या अप्पाला आकड्याचं याड हाय. तू चढ."

मी चढलो, पण घरी जाईपर्यंत वहीच्या मागच्या पानावर ३०३७ ला भागत बसलो. सातानं जाईना, अकरानं जाईना, तेरानं जाईना. ईट आलं तेव्हा त्रेपन्नपर्यंत झालं होतं आणि पुढं बघायची गरज नव्हती. संख्या खरंच मूळ होती. एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय तिला कशानंही भाग जात नव्हता. दुसऱ्या दिवशी मी काचेपाशी जाऊन एवढंच म्हणालो, "अप्पा, बरोबर हाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तपासलंस?"

"व्हय."

"कुठवर?"

"त्रेपन्न."

"गाव कुठलं?"

"ईट."

"आत ये, ईटकर. हुबा ऱ्हाऊ नगंस उन्हात."

माझं आडनाव वेगळं आहे. पण त्या दिवसापासून भूमच्या स्टँडवर मी ईटकर झालो.

गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे बघून अप्पा तिची जात ठरवायचे. मूळ की संयुक्त, एवढ्यावर ते थांबत नसत. ती संख्या स्वतः सोडून तिचे बाकीचे सगळे विभाजक मिळवून बेरीज संख्येपेक्षा जास्त आली तर तिला ते 'भरलेली' म्हणत, कमी आली तर 'उणी'. बेरीज नेमकी तेवढीच आली तर 'परिपूर्ण'. सहाचं बघा: एक, दोन आणि तीन मिळवले की सहाच. चार आकड्यांत अशी संख्या एकच आहे, ८१२८, आणि त्या नंबरची एक गाडी आमच्या मार्गावर होती. खिळखिळी, खिडक्या न लागणारी. दसऱ्याला सगळ्या गाड्यांना झेंडूची माळ असते, हिला अप्पांनी स्वतःच्या हातानं शेवंतीचा मोठा हार घातला. ड्रायव्हर म्हणाला, "अप्पा, हिचा गिअर पडंना अन् तुमी हार घालताव व्हय?"

अप्पा म्हणाले, "गिअर तुज्या हातातला हाय. आकडा तिचा सोताचा हाय."

अप्पांचं शिक्षण दहावी. गणिताची पुस्तकं कुठून कुठून मागून वाचलेली. पण गप्पा मारताना कुणी अंदाजानं काही बोललं की त्यांना सहन व्हायचं नाही. उशीर झालेल्या गाड्यांचे ड्रायव्हर गावाबाहेरच्या फाट्यावरून फोन करायचे, "अप्पा, आलोच बगा, लिवून टाका." अप्पांचं उत्तर ठरलेलं, "फाट्यावर आली म्हंजी स्टँडात आली न्हाय." गाडीची चाकं फलाटाला लागल्याशिवाय ते वेळ लिहीत नसत. एकदा भर गर्दीत त्यांनी परंड्याची गाडी आली म्हणून लिहिलं आणि ती गेटबाहेरच बंद पडली. डेपोचे साहेब म्हणाले, चारच मिनिटांचा फरक, राहू द्या. अप्पांनी नोंदवहीत लाल शाईनं लिहिलं, 'चूक माझी.' आणि पुढं नागनाथचा 'ना.' कुणी मागितलं नव्हतं.

त्यांचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. भोंग्याचा आवाज घरात जायचा. बायको होती तोवर ती परंड्याची गाडी पुकारली की तवा ठेवायची, म्हणजे ड्यूटी संपवून अप्पा येईपर्यंत भाकरी होत आलेली. मी त्या बाईंना बघितलेलं नाही. मी यायच्या दोन वर्षं आधीच त्या गेल्या. पण अप्पा परंड्याची गाडी पुकारून झाल्यावर माइक बंद करायला नेहमी क्षणभर उशीर करायचे. ते मी तीन वर्षं बघितलं.

मी तिसऱ्या वर्षाला असताना, दिवाळीत, त्यांचा मुलगा पुण्याहून आला. शैलेश. कॉम्प्युटरमधला इंजिनिअर. वडिलांसारखाच सडसडीत, आणि वडिलांसारखाच हट्टी, हे मला नंतर कळलं. पावसाळ्यात अप्पा न्हाणीत घसरून पडले होते आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच पडून होते. येत्या उन्हाळ्याच्या शेवटी ते निवृत्त होणार होते. माझी गाडी लेट होती म्हणून मी खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेलो. उठून जावं असं वाटलं, पण अप्पांनी हातानं बसवलं.

"अप्पा, रिटायर झाल्यावर एक दिवससुद्धा तुम्ही इथं एकटे राहायचं नाही," शैलेश म्हणाला.

"मला हितं काय धाड भरलीय?"

"त्या दिवशी दूधवाला आला नसता तर?"

"आला की."

शैलेशला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "पुण्यात तुम्हाला काय कमी आहे?"

"तितं भोंगा ऐकू येत न्हाय," अप्पा म्हणाले.

मग शैलेशनं अप्पांच्या कानावरचा खडू काढून घेतला, मोबाइलमध्ये बघितलं आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं: ६२७७३९१३.

"ही मूळ आहे की संयुक्त, सांगा. संयुक्त असेल तर कुणाकुणाचा गुणाकार तेही. रिटायर व्हायच्या दिवसापर्यंत मुदत. बरोबर सांगितलंत तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. शपथ. चुकलात किंवा राहिलं, तर घराला कुलूप आणि माझ्याबरोबर गाडीत."

"मोबाइल?"

"मोबाइल नाही, कॅल्क्युलेटर नाही आणि दुसरा माणूस नाही. तुम्ही आणि कागद."

अप्पा त्या संख्येकडं बघत राहिले, नवा ड्रायव्हर रुजू झाला की त्याच्याकडं बघायचे तसे. "ठरलं."

"नक्की? मग पुन्हा..."

"ठरलं म्हंजी ठरलं. म्या एकदा लिवलं की खोडत न्हाय."

शैलेश घराकडं गेल्यावर अप्पांनी लगेच कागद ओढला. संख्या दोन संख्यांच्या गुणाकारानं झालेली असेल तर त्यातली लहान संख्या वर्गमुळापेक्षा मोठी नसते. म्हणून वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे. ते वर्गमूळ काढायला बसले. पहिला अंक सात आला. दुसरा नऊ आला. तेवढ्यात परंड्याची गाडी आत वळली आणि ते माइककडं वळले. पुकारून आले, क्षणभर थांबले, आणि एका जुन्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, '७९ कागद'. मी तिथंच होतो. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्यांची पद्धत अशी होती. रद्दीतल्या छापील फॉर्मच्या पाठीमागं दहा बाय दहाची चौकट आखायची, म्हणजे एका कागदावर शंभर संख्या. त्यातल्या संयुक्त खोडायच्या. उरतील त्या मूळ. मग त्यातल्या एकेकीनं ६२७७३९१३ ला भागायचं आणि शेजारी बाकी लिहायची. भागून झालं की उलट गुणून, बाकी मिळवून पुन्हा ताळा बघायचा. कागद पुरा झाला की खाली दोन ओळी: 'केले: ना.' आणि 'तपासले: ना.' मी एकदा हसून विचारलं, दोन्हीकडं तुम्हीच कसे? ते म्हणाले, "करनारा ना. सकाळचा, तपासनारा ना. संध्याकाळचा. दोगांचं फारसं पटत न्हाय."

दिवसाला पाच-सहा भागाकार व्हायचे. सगळ्या स्टँडला पैज माहीत झाली. लोक जाता येता विचारायचे, कितवा कागद? हिवाळ्यात बालाजी कंडक्टर, जो अप्पांच्या मुलाच्या वयाचा आणि त्यांचा लाडका, खिडकीत मोबाइल नाचवत आला. "अप्पा, कशाला डोळं घालवताव? हितं एका सेकंदात येतंय. मी बगितलंय. सांगू का?"

अप्पा ताडकन उठले. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडले, "तोंडातून एक शब्द काडलास तर ह्या खिडकीत पुन्ना हुबा ऱ्हायचं न्हाय!"

"आवो अप्पा, गंमत..."

"तुज्या मोबाइलला घर सोडायचं न्हाय. मला सोडायचंय. दुसरा मानूस न्हाय असं ठरलंय. एकानं जरी सांगितलं तर म्या हरलो, उत्तर बरूबर आसलं तरी."

बालाजी दोन दिवस त्यांच्याशी घाबरून बोलला. मीही त्या दिवसापासून त्यांच्या कागदांकडं दुरूनच बघायचो. दुरून बघताना एक दिसायचं: जानेवारीनंतर आकडे मोठे होत चालले होते. चौकट तीच, पण आकडे रेघांना टेकायला लागले. मोतीबिंदू वाढला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निवृत्तीला दहा-बारा दिवस उरले असताना एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. फाइल बांधून टेबलावर ठेवलेली. "झालं, ईटकर."

"सगळं?"

"एकोनऐंशी कागद. नऊशे सत्त्यान्नव मूळ संख्या. एकीनं बी भाग गेला न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मूळ हाय ती. शैलेशला आत्ता सांगायचं न्हाय. शेवटच्या दिवशी, समोरासमोर."

त्यांनी घराला चुना द्यायला माणूस लावला. न्हाणीत धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली. शैलेशला दाखवायला, की बघ, मी नीट राहणार आहे.

त्याच्या पुढच्या सोमवारी कॉलेजात सरांनी परीक्षेआधीचा शेवटचा तास घेतला. मोठ्या संख्येचे अवयव पाडायची एक जुनी युक्ती सांगितली. संख्येत एखादा लहान वर्ग मिळवून बघायचा. बेरीज पूर्ण वर्ग आली तर आठवीतलं सूत्र लावायचं, दोन वर्गांची वजाबाकी. सरांनी ४८९१ घेतले. त्यात नऊ मिळवले की ४९००, म्हणजे सत्तरचा वर्ग. म्हणून ४८९१ म्हणजे ६७ गुणिले ७३. मुलं लिहून घेत होती. मी सहज, खरंच सहज, वहीच्या मागच्या पानावर अप्पांची संख्या घेतली. वर्गमूळ ७९२२ च्या पुढं. म्हणून पुढची ७९२३ घेतली. वर्ग केला: ६२७७३९२९. वजा केलं. सोळा उरले.

सोळा म्हणजे चाराचा वर्ग.

म्हणजे ७९२३ वजा चार, आणि ७९२३ अधिक चार. ७९१९ गुणिले ७९२७. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग पुस्तकामागच्या यादीत बघितलं: ७९१९ ही हजारावी मूळ संख्या. शैलेशनं नेमकी तीच धरली होती, हजाराव्या पायरीपर्यंत गेल्याशिवाय कळणार नाही अशी. अप्पा नऊशे सत्त्याण्णव पायऱ्या चढून थांबले होते. एकोणऐंशी कागदांत ७९०० पर्यंतच जाता येतं, आणि वर्गमूळ 'एकोणऐंशीशे आणि वर काही' होतं. त्या वरच्या काहीसाठी आणखी एक कागद लागत होता. तो त्यांनी आखलाच नव्हता.

शनिवारी ते निवृत्त होणार होते.

मी त्या आठवड्यात कसा राहिलो ते मला नीट लिहिता येणार नाही. सांगितलं तर दुसऱ्या माणसानं सांगितलं म्हणून ते हरणार. नाही सांगितलं तर ते सगळ्यांसमोर 'मूळ' म्हणणार आणि हरणार. मंगळवारी मी खिडकीशी गेलो. "अप्पा, ते वर्गमूळ..."

"वर्गमुळाचं काय?"

त्यांच्या नजरेत एकदम धार आली. मी म्हणालो, "उद्या पेपरला येईल का म्हणून."

"येईल की. कर तयारी," ते म्हणाले.

बुधवारी पेपर देऊन आलो, पण खिडकीशी गेलोच नाही. गुरुवारी गेलो तर ते मला घर दाखवायला घेऊन गेले. चुन्याचा वास येत होता. दांडीला धरून त्यांनी दोनदा उठून-बसून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "घट हाय ना?" मी हो म्हणालो.

रात्री जेवताना वडिलांना विचारलं. माझे वडील शेतकरी, गणिताशी त्यांचा संबंध पेरणीच्या अंतरापुरता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हाताऱ्याचा शब्द मोडू नगंस. अन् घर बी मोडू नगंस."

"मग करू काय?"

"ते तुला कालेजात शिकवलं आसंल की."

शनिवारी माझा शेवटचा पेपर होता. दुपारी स्टँडवर अप्पांना शाल-नारळ झाला. साहेब म्हणाले आता घरी जा, पण ते म्हणाले, ड्यूटी सहापर्यंत आहे. शैलेश संध्याकाळी पोचणार होता. माझी गाडी पाचची. मी फलाटावर उभा राहून खोलीकडं बघत होतो. फाइल टेबलावर, फळ्यावर ती संख्या, तिच्यापुढं उत्तरासाठी जागा मोकळी.

भोंगा वाजला. "ईटला जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी नंबर दोन हजार आठशे एक्क्याऐंशी. दिसायला मूळ, पण त्रेचाळीस गुणिले सदुसष्ट."

मी खोलीच्या बाजूची खिडकी धरून बसलो. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. अप्पा नेहमीप्रमाणं दारात येऊन गाडी निघायची वाट बघत उभे राहिले, हातात पेन, वेळ लिहायला. आणि तेव्हा, सहा दिवस न सुचलेलं, माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"अप्पा! गाडी फाट्यावरच हाय!"

त्यांनी आधी गेटकडं बघितलं. "कुठली?"

"तुमची."

एवढंच म्हणालो. फाइलचं नाव घेतलं नाही, आकडा सांगितला नाही. गाडी हलली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग त्यांचं पेन हवेत थांबलं, आणि ओठ हलले. ते काहीतरी मोजत होते. एकदम वळून आत गेले. आमची गाडी निघाल्याची वेळ त्यांनी लिहिली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

गाडीला वळायला जागा कमी होती, म्हणून ड्रायव्हरनं ती एकदा मागं घेतली. तेवढ्यात मला काचेतून दिसलं: अप्पांनी एक फॉर्म उलटा केला होता, पट्टी ठेवली होती, आणि कागदाला जवळजवळ नाक लावून रेघा मारत होते. फाटकात एक पांढरी कार आमची गाडी बाहेर पडायची वाट बघत थांबली होती. आत शैलेश होता. त्यानं मला ओळखून हात केला.

मी हात केला की नाही, आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात मी भूमला गेलो. खोलीत नवे नियंत्रक बसले होते. मागच्या गल्लीत घर होतं, पांढरंशुभ्र, दाराला कुलूप. चहावाला म्हणाला, "अप्पा पुन्याला गेले. त्याच दिवशी."

मला वाटलं, उशीर झाला. तीन भागाकार, तीन ताळे, मोतीबिंदू झालेले डोळे आणि फाटकात आलेला मुलगा. सोमवारी बोललो असतो तर सहा दिवस मिळाले असते. एम. एस्सी.ला दुसऱ्या शहरात गेलो तरी हेच डोक्यात होतं. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर होता. लावला नाही. लावून काय विचारणार होतो?

गेल्या महिन्यात सुट्टीत घरी निघालो होतो. भूमच्या स्टँडवर उतरलो आणि मागून हाक आली, "ए ईटकर!" बालाजी होता. आता तो पुण्याच्या गाडीवर असतो.

"थांब की. तुजं टपाल हाय माज्याकडं. दोन महिनं झालं बॅगत फिरतंय."

त्यानं चामड्याच्या बॅगेतून घडी केलेला कागद काढला, पण लगेच दिला नाही. "अप्पा दर रयवारी स्टँडला येतेत तिकडं. भूमची गाडी लागली की नंबर बगतेत, फिक्का चहा पितेत, जातेत. डोळ्याचं आपरेशन झालंय. आता लांबून वाचतेत."

"बालाजीभाऊ, त्या दिवशी काय झालं?"

"तुला ठाऊक न्हाय?" तो माझ्याकडं बघत राहिला. "मी खिडकीतच हुतो. शैलेश आला, तर अप्पा त्याला म्हनले, बस, काम चालूय. अर्धा तास बसवलं. घाम नुसता. मग उठले अन् फळ्यावर लिवलं. संयुक्त. सात हजार नऊशे एकोनीस गुनिले सात हजार नऊशे सत्तावीस."

मी बाकड्यावर बसलो. "म्हणजे जिंकले?"

"शैलेश पाया पडला की! म्हनला, अप्पा, जिंकलात, ऱ्हावा हितंच, मी शब्द दिलाय. आमी टाळ्या वाजवाया लागलो. तर अप्पा म्हनले, टाळ्या नगंत. ह्यो कागद माज्या एकट्याचा न्हाय. दुसरा मानूस न्हाय आसं ठरलं हुतं. मानूस आला."

"मग?"

"मग काय. शैलेश तासभर विनवत हुता. रडला. म्हनला मला काय बी ठाऊक न्हाय, कोन मानूस, मी बगितला न्हाय. अप्पा म्हनले, तू बगितला न्हाईस, म्या बगितलाय. आमी बी विचारलं कोन म्हनून. न्हाय सांगितलं. कुलूप घातलं अन् गाडीत बसले." बालाजीनं कागद माझ्या हातात दिला आणि जरा थांबून, आवाज खाली आणून विचारलं, "तूच का रं?"

मी घडी उघडली. फॉर्मच्या पाठीवर घाईत आखलेली चौकट, रेघा तिरक्या. शंभरातल्या तीन संख्यांभोवती गोल. ७९०१, बाकी ४६८. ७९०७, बाकी २४०. ७९१९, बाकी ०. त्या शून्याच्या जागी पेन इतकं दाबलेलं की कागद फाटायला आला होता. खाली नेहमीच्या दोन ओळी होत्या.

केले: ना.

तपासले: ईटकर.

मी कागदाची पुन्हा घडी घातली. बालाजीची गाडी सुटायची वेळ झाली होती. तो निघाला.

"काही निरोप दिलाय का?" मी विचारलं.

"दिलाय की. तेच सांगायचं ऱ्हायलं. म्हनले, ईटकरला म्हनावं, गाडी स्टँडात आली."